तूस चांगलं आहे की गेलंय, हे ठरवायचं कसं?

सिन्नरचा_शेडवाला
राम राम मंडळी. सिन्नर तालुक्यात ५००० ब्रॉयलर (मांसाच्या) कोंबड्यांचं उघडं शेड आहे, कंपनीच्या करारावर, पक्ष्यांखाली भाताच्या तुसाचा थर. चालू लॉट (पिल्लांची खेप) २६ दिवसांचा झाला. परवा कंपनीचा सुपरवायझर आला, दारातून चार पावलं आत टाकली, नाक मुरडलं आणि लॉटच्या कार्डावर 'लिटर खराब', म्हणजे तूस खराब, लिहून मोकळा झाला. पक्ष्यांचं वजन मागे आहे, त्याचं खापर तुसावर. मी त्याच्यादेखत मूठभर तूस उचलून दाबून दाखवलं. लाडू वळलाच नाही, भुगा झाला. तर म्हणे, "वास बघा ना." मला वास येत नाही, त्याला येतो.

आता खरं कोणाचं मानायचं? तूस तपासायची काही धड रीत, काही आकडा आहे का, की ज्याच्या बुडाखाली कंपनीची मोटारसायकल त्याचंच खरं? शेड चालवणाऱ्यांनी सांगा. औषधं विकणाऱ्यांनी कृपया मेसेज करू नयेत, पेटी भरली आहे.

मिसळ_कट्टा
धागा शंभरी गाठणार. चिवडा घेऊन बसलोय.

निफाडची_थंडी
मुठीत दाबून बघणं हीच रीत, दुसरी कुठली नाही. घट्ट गोळा राहिला तर ओलं. गोळा झाल्यासारखा वाटला आणि बोट लावताच मोडला तर बरोबर. धरलंच नाही आणि वर धूळ उडाली तर फाजील कोरडं. तुझा भुगा झाला ना, मग तूस ठीक आहे. सुपरवायझरला म्हणावं चहा घे आणि जा. वजन कमी आलं की ह्यांना कोणाच्या तरी गळ्यात घंटा बांधायची असते. पिल्लूच हलकं आलं होतं, हे कधी लिहितात का कार्डावर?

डॉ_पाखरू
सिन्नरभाऊ, आधी एक सांगा. मूठ उचलली कुठून?

सिन्नरचा_शेडवाला
उभे होतो तिथूनच. दारासमोरची मधली वाट.

डॉ_पाखरू
वाटलंच. मग तुम्ही दोघंही खरे असू शकता.

मधली वाट ही बहुतेक शेडमधली सगळ्यात कोरडी जागा. तिथे ना निपल (पक्ष्यांची पाण्याची तोटी), ना भिंत, आणि माणसाच्या पायाने तूस सारखं हलतं. त्या मुठीने त्या जागेचं सांगितलं, शेडचं नाही. निपलच्या रांगेखाली, खाद्याच्या भांड्यांभोवती, दोन्ही भिंतींलगत, ब्रुडिंग (लहान पिल्लांना ऊब देणं) केलं होतं त्या टोकाला आणि पडद्याखाली, अशा सगळ्या जागा वेगवेगळ्या बघाव्या लागतात. सरळ चालू नका, नागमोडी चाला.

युरोपात २००९ साली वेल्फेअर क्वालिटी नावाची तपासणीची पद्धत छापली गेली. तिच्यात ब्रॉयलरच्या तुसाला ० ते ४ असे गुण आहेत आणि त्यासाठी यंत्र लागत नाही, गमबूट पुरतात. तूस कोरडं, भुसभुशीत, पायाने सहज सरकतं, तर ०. कोरडं आहे पण पायाने सहज सरकत नाही, तर १. बुटाचा ठसा उमटतो, दाबलं तर गोळा होतो पण टिकत नाही, तर २. बुटाला चिकटतं आणि गोळा पक्का होतो, तर ३. आणि वर खपली धरली आहे, ती फोडली की खालचं बुटाला चिकटतं, तर ४. शेडच्या निरनिराळ्या जागी उभं राहून प्रत्येक जागेचा गुण वेगळा लिहायचा. ही ४ ची पायरी फसवी असते. वरून पाहणाऱ्याला खपली कोरडीच दिसते आणि हाताला मूठ भरायला तूस सुटत नाही, म्हणून माणूस शेजारचं सुटं उचलतो.

आता वासाचं. रोज शेडमध्ये वावरणाऱ्याचं नाक अमोनियाला सरावतं. बाहेरून आलेल्याला दारात जे भपकन येतं ते मालकाला जाणवत नाही, यात मालकाचा दोष नाही. शिवाय आपलं नाक पाच फुटांवर आणि पक्ष्याचं तुसापासून वीतभर. म्हणूनच युरोपच्या २००७ च्या ब्रॉयलर नियमांत जास्त घनतेच्या शेडसाठी अमोनियाची २० पीपीएमची (दहा लाख भागांत २०) मर्यादा घातली आहे ती पक्ष्याच्या डोक्याच्या उंचीला मोजायची. त्याच्या वर दिवसेंदिवस राहिलं तर श्वासनळीच्या आतली बारीक लव मरते, आणि मग ई. कोलाय, सीआरडी (श्वासाचा जुनाट रोग) यांना दार उघडं. सकाळी पडदे सोडायच्या आधी आत जाऊन उकिडवं बसा आणि तिथे श्वास घ्या. डोळे चुरचुरले तर पातळी केव्हाच ओलांडली गेली.

निफाडची_थंडी
डॉक्टरसाहेब, मान आहे तुमचा, पण युरोपातलं बंद शेड वेगळं आणि आपलं जाळीचं उघडं शेड वेगळं. ० की १ की २ हे लिहीत बसायला आमच्याकडे कारकून नाही. ज्याला हात आहे त्याला कळतं.

डॉ_पाखरू
काका, तुम्हाला कळतं यात वाद नाही. पण तुम्हाला कळलेलं सुपरवायझरला कसं कळवणार? तो 'खराब' म्हणतो, हे 'चांगलं' म्हणतात. जागेसकट आकडा लिहिला तर निदान भांडण त्या जागेपुरतं राहतं.

ओझरच्या_ताई
आमचं शेड मीच बघते, मालक कंपनीत नोकरीला. मी सांगते, तुसाकडे बघायच्या आधी पक्षी उचला आणि तळवे बघा. तूस आजचं सांगतं, तळवा मागच्या दोन आठवड्यांचं सांगतो. काल पडदे उघडले, ऊन लागलं, तूस दाताळ्याने हलवून झालं, की आज सगळं छान दिसतं. तळव्यावरचा काळा डाग एका दिवसात जात नाही.

सुरुवातीला तळव्याची कातडी नुसती जाड आणि खरबरीत होते, रंग तपकिरी. मग मधोमध काळी खपली धरते. ती निघाली की खाली जखम. तेवढ्यात तूस कोरडं केलं तर हलकी जखम भरूनही येते. पायाच्या मधल्या सांध्यावर मागच्या बाजूने तपकिरी डाग असेल तर पक्षी ओल्यात बसून राहतोय. छातीची पिसं मळलेली, गच्च चिकटलेली असतील तरी तेच.

मी दर आठवड्याला एका संध्याकाळी वेगवेगळ्या कोपऱ्यांतले पक्षी धरून बघते. अंधारात शांत बसलेले असतात, धावपळ होत नाही. आणि हो, जमिनीवर गुडघा टेकूनच बसते. पक्षी बघून होईपर्यंत सलवारीला गुडघ्याशी ओल आली की त्या जागेचं तूस हलवायचं नाही, काढायचं.

डॉ_पाखरू
ताईंच्या प्रतिसादाला शंभर मार्क. स्वीडन आणि डेन्मार्कमध्ये कत्तलखान्यात पायांचे तळवे तपासून गुण देतात, आणि लॉटचे गुण वाईट आले तर पुढे शेडमधली पक्ष्यांची घनता कमी करावी लागते. तुसाचं प्रगतिपुस्तक पायाला बांधलेलं असतं.

घोटीचा_गिरणीवाला
माझी शेडं नाहीत, भाताची गिरणी आहे, पण तूस आमच्याकडूनच जातं म्हणून बोलतो. सगळे तूस 'गेलं' म्हणतात, आलं तेव्हा कसं होतं ते कोणी बघत नाही.

पहिलं, तूस अख्खं पाहिजे, होडीसारखं. हलर जातीच्या गिरणीचं असेल तर ते चुरलेलं येतं आणि त्यात कोंडा मिसळलेला असतो. असं बारीक तूस पाणी धरून लवकर बसतं. शेलर गिरणीचं तूस सुटं आणि स्वच्छ. दुसरं, पावसाळ्यात घोटी-इगतपुरीचं तूस घेताना गोणीच्या मधोमध हात घाला. वरून कोरडं असतं, पण उघड्यावर पडलेल्या ढिगातलं भरलं असेल तर आत उबट, कोंदट लागतं. असलं तूस पिल्लांखाली टाकलं की बुरशीचा न्यूमोनिया ठरलेला. पहिल्या आठवड्यात पिल्लं चोच उघडून दम टाकतात, आवाज न करता मरतात, आणि लोक हॅचरीला शिव्या देतात.

आणि भाव का वाढला हे मला विचारू नका. बॉयलरवाले आणि वीटभट्टीवाले हंगामाच्या आधीच बुकिंग करतात. कोंबडीवाला येतो शेवटी, ट्रॅक्टर घेऊन, उधारीवर.

कसमादे_पोल्ट्री
"शेवटी, ट्रॅक्टर घेऊन, उधारीवर" हे फारच मनाला लागलं भो 😄

आमच्या सटाणा-कळवण पट्ट्यात भाताचं तूस लांबून आणावं लागतं. दाणे काढलेली मक्याची कणसं भरडून घालून बघितली, पाणी चांगलं ओढतात, पण भरड एकसारखी पाहिजे. मोठे तुकडे राहिले तर पिल्लांच्या पायाला टोचतात. उसाचं बगॅस स्वस्त, पण लवकर ढेपाळतं. शेंगांची टरफलं घेतली तर बुरशी बघून घ्या. लाकडाचा भुसा उत्तम, पण फर्निचरवाल्याचा घेऊ नये, प्लायचा भुगा आणि केमिकल त्यात असतं. शेवटी आम्ही अर्धं तूस अर्धी मक्याची भरड करतो.

थर किती टाकता सगळे? आम्ही दोन-अडीच इंच.

निफाडची_थंडी
उन्हाळ्यात दोन. थंडीत तीन, कारण खालून फरशी गार लागते. थंडीत निफाडचा पारा चार-पाचावर येतो. मग पोरं काय करतात, सगळे पडदे वरपर्यंत ओढून, त्यावर ताडपत्री मारून, आत गॅस ब्रुडर लावून झोपतात. सकाळी छताच्या पत्र्यावरून टपटप. ते पाणी पावसाचं नाही, आतलंच.

डॉ_पाखरू
काकांनी फार मोलाचं सांगितलं. एक किलो एलपीजी जळला की दीड किलोच्या वर पाणी वाफ होऊन शेडमध्येच येतं. त्यात पक्ष्यांचं पाणी मिळवा. ३० दिवसांचे ५००० पक्षी दिवसाला हजार-तेराशे लिटर पाणी पितात. त्यातलं अंगात राहतं थोडंच, बाकीचं विष्ठेतून आणि श्वासातून बाहेर. म्हणजे रोज एक टाकीभर पाणी तुम्ही शेडमध्ये ओतताय आणि ते हवेवाटेच जाणार आहे. थंडीतही वरची वीतभर फट उघडी पाहिजे. गार हवा आत येऊन तापली की तिची ओल धरायची ताकद वाढते, साधारण १०-११ अंश तापली की दुप्पट, आणि ती ओल घेऊन बाहेर जाते. हवा बंद केली की उब राहते, पण तूस जातं.

सिन्नरला घोटीइतका पाऊस नाही, तरी सध्याच्या दिवसांत दुपारी उघडीप मिळेल तेवढा वेळ पडदे खाली असलेच पाहिजेत.

ओझरच्या_ताई
निपलची उंचीही बघा. पक्षी जमिनीवर पूर्ण पाय टेकून, मान वर ताणून प्यायला पाहिजे. उंची कमी असली की तो बाजूने चोच मारतो आणि अर्धं पाणी खाली. आमच्याकडे गडी पक्षी वाढतात तसा पाइप वर उचलायला विसरायचा. निपलखाली गोल ओला पट्टा दिसला की आधी उंची, मग टाकीचा दाब, मग गळका निपल, या क्रमाने बघते. तूस बदलणं सगळ्यात शेवटी. गळकं तसंच ठेवून तूस बदललं तर चार दिवसांनी तेच.

सिन्नरचा_शेडवाला
ताई, आमच्याकडे बोअरचं पाणी आहे, खारट. त्याने काही होतं का?

डॉ_पाखरू
होतं. पाण्यात सोडियम जास्त असलं की पक्षी जास्त पितो आणि विष्ठा पातळ होते. खाद्यात मीठ जास्त पडलं किंवा सोया जास्त झालं तरी तोच परिणाम. पाण्याची तपासणी करून तो कागद कंपनीला दाखवा, म्हणजे खाद्यातलं मीठ त्या हिशेबाने ठेवता येतं. तूस शेडभर सारखंच ओलं असेल तर संशय पाणी, खाद्य किंवा पोटावर घ्या. पट्ट्यापट्ट्यांनी ओलं असेल तर निपल, छप्पर, पडदा. ओल कुठे आहे याचा नकाशाच अर्धं निदान करतो.

येवला_पैठणी_आणि_पोल्ट्री
एवढी डोकेफोड कशाला? चुना मारा. आम्ही दर आठवड्याला कळीच्या चुन्याची पावडर भुरभुरवतो आणि दाताळं फिरवतो. तूस खडखडीत.

डॉ_पाखरू
पक्षी आत असताना चुना नको, हे माझं स्पष्ट मत. विष्ठेतल्या युरिक अ‍ॅसिडचा अमोनिया बॅक्टेरिया करतात. त्याला ओल, उब आणि चढा सामू (पीएच) लागतो. सामू ७ च्या खाली असेल तर अमोनिया तुसात बांधून राहतो, ८ च्या वर गेला की भसाभसा उडतो. चुन्याने सामू एकदम वर जातो. म्हणजे तूस सुकतं, पण त्या रात्री वायू पक्ष्यांच्या तोंडावर. शिवाय कळीच्या चुन्याने डोळे आणि पाय भाजतात ते वेगळंच. लॉट गेल्यावर धुतलेल्या फरशीवर मारा, खुशाल.

येवला_पैठणी_आणि_पोल्ट्री
डॉक्टर, पुस्तक राहू द्या. आमचा एफसीआर (किलोभर वजनाला लागलेलं खाद्य) बघायला या.

निफाडची_थंडी
येवल्याला मुळात हवाच कोरडी. तिथे चुना नाही मारला तरी तूस सुकतं. हा चुना इगतपुरीत मारून दाखवा.

येवला_पैठणी_आणि_पोल्ट्री
😂 हे मान्य. पण चुन्यानंतर वास कमी होतो हेही खरं आहे, माझ्या नाकाने घेतलेला अनुभव आहे.

डॉ_पाखरू
कमी होतो, कारण जो नत्र वास करणार होता तो आदल्या रात्री उडून गेला. सामू खाली आणणारी वस्तू वापरायची असेल तर सोडियम बायसल्फेट किंवा अ‍ॅल्युमिनियम सल्फेट. अमेरिकेत एकाच तुसावर अनेक लॉट घेतात, तिथे पिल्लं यायच्या आधी हे टाकायची पद्धत आहे. आपल्याकडे बहुतेक जण दर लॉटला तूस बदलतात, त्यामुळे रोजची गरज पडत नाही. सिंगल सुपर फॉस्फेट खतही अमोनिया धरून ठेवतं.

द्राक्षबाग_पिंपळगाव
सुपर फॉस्फेटचं नाव निघालं म्हणून डोकावलो. मंडळी, तुमचं 'गेलेलं' तूस आमच्याकडेच येतं हो. कोंबडखत घेताना आम्हालाही हाच प्रश्न, चांगलं कोणतं? व्यापारी म्हणतो सगळं एक नंबर.

ओझरच्या_ताई
दादा, आम्ही विकतो ते सांगते. ढेपा असलेलं ओलं खत वजनाला भरतं, तुमचे पैसे पाण्याचे जातात. सुटं, कोरडं घ्या. आणि ताजं थेट बुंध्याशी टाकू नका.

द्राक्षबाग_पिंपळगाव
ते एकदा शेजाऱ्याने केलंय, मुळ्या भाजल्या. आता खरड छाटणीच्या आधी ढीग लावून, भिजवून, कुजवून मगच. माशा मात्र इतक्या होतात की वस्तीवरचे लोक भांडायला येतात. आणि चुना मारलेलं तूस मला नको, आमची जमीन आधीच चुनखडीची.

येवला_पैठणी_आणि_पोल्ट्री
घ्या, गिऱ्हाईकही गेलं.

कॉलेज_रोड_खवय्या
मी फक्त खाणारा आहे, पण धागा सोडवत नाही. खाणाऱ्याला या तुसाचा काय फरक पडतो? आणि पक्ष्यांना दाटीवाटीने ठेवल्यामुळेच हे सगळं होत असेल ना?

डॉ_पाखरू
दाटीचं गणित आपल्याकडे वाटतं तेवढं वाईट नाही. उघड्या शेडमध्ये एका चौरस फुटाला एक पक्षी धरतात. दोन किलोचा पक्षी म्हणजे चौरस मीटरला २१-२२ किलो. युरोपच्या नियमात साधी मर्यादा ३३ किलो आहे आणि अटी पाळल्या तर ४२ पर्यंत जाता येतं. पण त्यांच्याकडे हवा पंख्याने खेळवलेली असते, आपल्याकडे ती देवाच्या आणि पडदा ओढणाऱ्या गड्याच्या हातात. म्हणून दाटी कमी असूनही आपलं तूस लवकर बिघडू शकतं.

खाणाऱ्यासाठी: दुकानात जिवंत कोंबडी घेताना तिचा पाय उलटा करून तळवा बघा. स्वच्छ असेल तर ती कोरड्यात वाढली.

कॉलेज_रोड_खवय्या
दुकानदार मला हाकलून देईल, पण बघतो.

मिसळ_कट्टा
कोंबडीचे तळवे बघून भविष्य सांगणारे नाशिकचे पहिले ज्योतिषी.

धागा_राखणदार
मंडळी, ज्योतिषावर वेगळा धागा आहे. इथे तुसावर बोला.

कसमादे_पोल्ट्री
ओलाव्याचा नक्की आकडा काढायचा तर? लॅबला पाठवायचं का?

डॉ_पाखरू
लॅबमध्ये १०५ अंशाला भट्टीत वजन स्थिर होईपर्यंत सुकवतात. समजा १०० ग्रॅमचं ७५ झालं तर ओलावा २५ टक्के. २० ते ३० च्या आत असेल तर समाधान माना. २० च्या खाली धूळ, ३५ च्या पुढे ढेपा आणि तळवे काळे. नमुना घेताना वरचं खरवडू नका, फरशीपर्यंतचा सगळा थर घ्या, आणि पिशवीचं तोंड लगेच बांधा.

घरी करायचं तर छोटा ओव्हन आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा चालतो. मात्र घरच्यांना आधी विचारा.

कसमादे_पोल्ट्री
विचारलं. दोन्ही वस्तूंना हात लावायचा नाही असं ठरलं आहे.

रक्ती_ने_गांजलेला_चांदवडकर
इथे कॉक्सीबद्दल (कॉक्सिडिओसिस, आतड्याचा रोग) कोणी बोललंच नाही. माझ्याकडे मागच्या पावसाळ्यात रक्ती हगवण आली ती निपलखालच्या ओल्या पट्ट्यातूनच. तीन-साडेतीन आठवड्यांचे पक्षी, पिसं फुगवून उभे. तूस नुसतं उलथंपालथं केलं आणि वाढलीच.

डॉ_पाखरू
विष्ठेतून पडलेली कॉक्सीच्या परजीवीची सूक्ष्म अंडी उब, ओल आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत रोग द्यायला तयार होतात. कोरड्यात त्यांचं फारसं चालत नाही. म्हणून ढेप आत मिसळायची नाही, फावड्याने उचलून बाहेर टाकायची आणि तिथे नवं तूस. आणि दाताळं मारायचं ते पडदे उघडे असताना, दिवसा. लसीच्या आगेमागे तर मुळीच नाही. आधीच लसोटाची (राणीखेत रोगाच्या लसीची) रिअ‍ॅक्शन असते, त्यात अमोनिया उठवून भर घालू नये.

निफाडची_थंडी
हे पटलं. आमच्याकडे पोरं लसीच्या दिवशीच दाताळं घेतात, का तर त्या दिवशी सगळे गडी हजर असतात.

सिन्नरचा_शेडवाला
सगळ्यांचे आभार. दोन दिवस शेडमध्ये नागमोडी चाललो, पक्षी घाबरून बघत होते.

मधला पट्टा ० ते १. निपलखाली २. पण पश्चिमेच्या भिंतीलगत, जिकडून पावसाची झड येते, तिथे वरून कोरडं दिसत होतं आणि टाच मारल्यावर खपली फुटून बूट चिकटला. डॉक्टरांचं ४. धाकट्या भावाकडे ओव्हन आहे, त्याला न सांगता मधला आणि पश्चिमेचा नमुना सुकवला. मधलं १०० ग्रॅमचं ७८ झालं, पश्चिमेचं ५९. वास घराबाहेरपर्यंत. भाऊ बोलत नाही.

शेडमध्ये पार्टिशन असल्याने पक्षी आपापल्या खणातच असतात. संध्याकाळी ताईंच्या पद्धतीने तळवे बघितले. पश्चिमेच्या खणात निम्म्याहून जास्त काळे, पूर्वेला तुरळक. झडीच्या बाजूचा पडदा खालून फाटलाय, तो शिवायला दिलाय आणि तिथली ढेप काढून नवं तूस टाकलं.

पण मूळ प्रश्न राहतोच. वजन तुसामुळेच मागे आहे का?

डॉ_पाखरू
दोन्ही खणांतले पक्षी वेगवेगळे तोला. तुसानेच केलं असेल तर पूर्वेचं वजन कार्डावरच्या अपेक्षित वजनाला लागलं पाहिजे.

सिन्नरचा_शेडवाला
तोलले. दोन्हीकडचे ५०-५०, सकाळी खाद्याच्या आधी. पश्चिम कार्डापेक्षा १४० ग्रॅमने मागे. पूर्व ७० ने मागे.

निफाडची_थंडी
म्हणजे अर्धं तुसाचं, अर्धं पिल्लाचं. मी दुसऱ्याच प्रतिसादात काय म्हणत होतो?

डॉ_पाखरू
काका, पूर्वेचे ७० ग्रॅम पिल्लाचे की खाऱ्या पाण्याचे की खाद्याचे, हे अजून कळलेलं नाही. पहिल्या दिवशीचं आणि सातव्या दिवशीचं वजन कार्डावर असेल तर ते टाका इथे. सातव्या दिवसापासूनच मागे असतील तर पिल्लू किंवा ब्रुडिंग, नंतर मागे पडले असतील तर पाणी-खाद्य बघू. पश्चिमेच्या जादाच्या ७० ची जबाबदारी मात्र तुसावर घालायला हरकत नाही. पाय दुखणारा पक्षी भांड्यापर्यंत कमी वेळा जातो.

सिन्नरचा_शेडवाला
सातव्या दिवसाचं वजन सुपरवायझरनेच लिहिलंय, तिथे खाडाखोड आहे. त्याला फोन केला. पश्चिमेचा ४ मी मान्य केला, पूर्वेचा १ त्याने मान्य केला, आणि शनिवारी येऊन दोन्ही खण स्वतः तोलतो म्हणाला. पाण्याची बाटली भरून ठेवलीय, तीही त्याच्याकडेच देतो.

ओझरच्या_ताई
शनिवारी तो आला की त्याला दारात उभं करू नका, सरळ पश्चिमेला न्या. आणि खणाचं पार्टिशन कशाचं केलंय? आमचं शेडनेटचं आहे, पक्षी खालून घुसतात.

सिन्नरचा_शेडवाला
ताई, दीड फुटी कोंबडजाळी, खाली बांबूची पट्टी बांधून. पट्टी तुसात दोन बोटं गाडायची, मग नाही घुसत.